यकृत धमनीच्या तीव्र रक्तस्रावावरील स्टेंट-ग्राफ्ट उपचार

यकृत धमनीच्या तीव्र रक्तस्रावावरील स्टेंट-ग्राफ्ट उपचार ही यकृताला रक्त पुरवणारी धमनी फुटली, झिजली किंवा तिला इजा झाली असता तातडीने योजावयाची उपचारपद्धती होय. या पद्धतीत मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी आत सरकवतात आणि क्ष-किरणांच्या चित्रावर पाहत, अभेद्य पटलाने मढवलेली धातूची जाळीदार नळी यकृत धमनीत बसवतात. ही नळी धमनीच्या भिंतीला आतून टेकते व भिंतीचे छिद्र झाकून टाकते. तिच्या पोकळीतून यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह मात्र चालू राहतो. या नळीला स्टेंट-ग्राफ्ट किंवा आच्छादित स्टेंट असे म्हणतात.

रक्तस्राव थांबवण्याचे जुने मार्ग दोन आहेत. एक, पोट उघडून धमनी बांधून टाकणे आणि दुसरा, धमनी आतून बुजवणे. या दोन्हींत बहुधा रक्तस्रावाबरोबर यकृताकडील प्रवाहही थांबतो. निरोगी यकृत हे पुष्कळदा सहन करते. परंतु ज्या रुग्णांत असा रक्तस्राव प्रामुख्याने आढळतो, त्यांचे यकृत आधीच शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा प्रत्यारोपण यांतून गेलेले असते. छिद्र बंद व्हावे, पण वाहिनी बंद होऊ नये, ही गरज भागवणे हेच या उपचाराचे प्रयोजन होय.

यकृताचा रक्तपुरवठा

यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. पहिली वाट यकृत धमनीची. मराठीतील जुन्या शास्त्रीय लेखनात धमनीला रोहिणी व शिरेला नीला अशी नावे आहेत. उदरातील महाधमनीपासून सिलिअ‍ॅक धमनी नावाचे एक आखूड खोड निघते आणि त्याला तीन प्रमुख शाखा फुटतात. एक जठराकडे, दुसरी प्लीहेकडे व तिसरी यकृताकडे जाते. ही तिसरी शाखा म्हणजे सामाईक यकृत धमनी. तिच्यापासून जठर व आद्यांत्र यांना रक्त पुरवणारी जठर-आद्यांत्र धमनी निघते. त्यापुढील भागाला मुख्य यकृत धमनी म्हणतात व ती अखेरीस उजव्या आणि डाव्या शाखेत विभागते. सामाईक यकृत धमनीचा व्यास प्रौढ व्यक्तीत साधारणतः ४ ते ६ मिलिमीटर असतो.

दुसरी वाट प्रवेशिका नीलेची, म्हणजेच पोर्टल व्हेनची. आतडी, प्लीहा व स्वादुपिंड यांतून परतणारे रक्त ती यकृतात आणते. विश्रांतीच्या अवस्थेत यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातील जवळपास तीन चतुर्थांश भाग प्रवेशिका नीलेतून आणि उरलेला यकृत धमनीतून येतो. धमनीचा वाटा आकाराने लहान असला, तरी तिचे रक्त प्राणवायूने समृद्ध असल्याने यकृताच्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा भाग तीच पुरवते.

या दुहेरी व्यवस्थेमुळे यकृत धमनी बंद झाली तरी यकृताच्या पेशी काही काळ तग धरू शकतात. पित्तनलिकांची स्थिती वेगळी असते. त्यांचे पोषण जवळजवळ संपूर्णपणे धमनीच्या बारीक शाखांवर अवलंबून असते. म्हणून धमनीचा प्रवाह तुटल्यास पित्तनलिका प्रथम सुकतात. पुढे त्या अरुंद होतात किंवा त्यांतून पित्त झिरपू लागते. प्रत्यारोपित यकृतात हा धोका सर्वाधिक असतो, कारण आजूबाजूच्या ऊतींतून येणाऱ्या पर्यायी वाहिन्या अवयव काढताना तोडल्या गेलेल्या असतात.

यकृत धमनीची रचना सर्व व्यक्तींत सारखी नसते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मिशेल्स यांनी २०० मृतदेहांच्या विच्छेदनावरून तिचे १० प्रकार मांडले. पाठ्यपुस्तकात दिली जाणारी नेहमीची रचना त्यांना सुमारे ५५ टक्के देहांतच आढळली. काही व्यक्तींत उजवी शाखा आतड्याकडे जाणाऱ्या ऊर्ध्व आंत्रबंध धमनीपासून, तर काहींत डावी शाखा जठराच्या धमनीपासून निघते. तातडीच्या प्रसंगी रक्तस्राव नेमका कोणत्या वाहिनीतून होत आहे हे शोधताना ही विविधता ध्यानात ठेवावी लागते.

रक्तस्रावाची कारणे

यकृत धमनीचा तीव्र रक्तस्राव हा बहुधा अन्य आजाराचा किंवा उपचाराचा परिणाम असतो. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• स्वादुपिंडावरील शस्त्रक्रिया : स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग झाल्यास ते शीर्ष, आद्यांत्र, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही भाग काढून टाकतात. या शस्त्रक्रियेला व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात. तीत जठर-आद्यांत्र धमनी उगमाजवळ बांधून कापावी लागते व तिचा आखूड खुंट यकृत धमनीला चिकटून राहतो. स्वादुपिंड व आतडे यांच्या जोडातून पाचक रस गळू लागल्यास त्यातील विकरे हा खुंट व शेजारची धमनीची भिंत कुरतडतात. शस्त्रक्रियेनंतर उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाची ही सर्वांत नेहमीची जागा आहे.
• यकृत-प्रत्यारोपण : दाता व ग्राही यांच्या धमन्यांच्या जोडाजवळ जंतुसंसर्ग झाल्यास किंवा पित्त गळाल्यास भिंत कमकुवत होते.
• पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया : उजवी यकृत धमनी पित्ताशयाच्या नलिकेजवळून जात असल्याने तिला इजा होण्याचा संभव असतो.
• सुई व नळीद्वारे केलेले उपचार : यकृताचा तुकडा तपासणीसाठी घेणे किंवा कावीळ उतरवण्यासाठी त्वचेतून पित्तनलिकेत नळी घालणे.
• अपघात : वाहनांची धडक, उंचावरून पडणे, भोसकल्याची जखम.
• स्वादुपिंडदाह : सुजलेल्या स्वादुपिंडातून बाहेर पडलेला रस शेजारच्या धमन्यांना झिजवतो.
• धमनीविस्फार : भिंत मूळचीच कमकुवत होऊन धमनी फुग्यासारखी फुगते व फुटते. उदरातील अवयवांच्या धमन्यांमध्ये प्लीहेच्या धमनीखालोखाल यकृत धमनीचा विस्फार अधिक आढळतो.

यांपैकी बहुतेक प्रसंगी प्रत्यक्ष रक्तस्रावापूर्वी आभासी धमनीविस्फार तयार होतो. धमनीच्या भिंतीला छिद्र पडले की बाहेर आलेले रक्त भोवतालच्या ऊतींत कोंडले जाते आणि त्याची एक स्पंदणारी पिशवी बनते. खऱ्या विस्फारात धमनीच्या भिंतीचे थर शाबूत असतात. आभासी विस्फारात ते नसतात. रक्ताला केवळ गुठळी व दाहयुक्त ऊतींचा पातळ पडदा अडवून धरतो. त्यामुळे पिशवी लहान असली तरी ती केव्हाही फुटू शकते.

लक्षणे व पूर्वसूचक रक्तस्राव

रक्त कोठे साठते यावर लक्षणे अवलंबून असतात. ते उदरपोकळीत साठल्यास पोट दुखते व फुगते, आणि शस्त्रक्रियेनंतर ठेवलेल्या निचरा नळीतून रक्त येऊ लागते. आतड्यात उतरल्यास रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखे काळे शौच होते. पित्तनलिकेत शिरल्यास त्या अवस्थेला हिमोबिलिया म्हणतात. वरच्या पोटात दुखणे, कावीळ व पचनमार्गातून रक्तस्राव ही हिमोबिलियाची तीन लक्षणे जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी १८७१ साली नोंदवली. ही तिन्ही एकत्र मात्र थोड्याच रुग्णांत दिसतात. रक्तस्राव वाढला की नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो, त्वचा थंड व घामेजलेली होते आणि रुग्णाची शुद्ध हरपू लागते.

या आजारातील सर्वांत महत्त्वाची खूण पुष्कळदा क्षुल्लक वाटते. मोठ्या रक्तस्रावापूर्वी काही तास ते काही दिवस निचरा नळीतून थोडेसे ताजे रक्त येते, किंवा एखादी लहानशी रक्ताची उलटी होते, आणि मग ते आपोआप थांबते. याला पूर्वसूचक रक्तस्राव म्हणतात. गुठळीने छिद्र तात्पुरते मिटल्यामुळे रुग्णाला बरे वाटते, नाडी व रक्तदाब पूर्ववत होतात. गुठळी सुटली की रक्तस्राव पुन्हा सुरू होतो आणि या वेळी तो आवरण्यास फार थोडा अवधी मिळतो. म्हणून स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत निचरा नळीतील थोडेसे रक्तही तातडीच्या तपासणीस पुरेसे कारण मानले जाते. पाचक रसाची गळती किंवा जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णांत ही दक्षता अधिक लागते.

स्वादुपिंड शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २००७ साली अशा रक्तस्रावाची व्याख्या ठरवली. शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत होणारा तो लवकरचा आणि त्यानंतरचा तो उशिराचा रक्तस्राव होय. लवकरच्या रक्तस्रावामागे बहुधा निसटलेली गाठ किंवा रक्त गोठण्यातील दोष असतो व त्यासाठी अनेकदा पुन्हा शस्त्रक्रिया करतात. उशिराच्या रक्तस्रावामागे धमनीची झीज असते आणि स्टेंट-ग्राफ्टचे क्षेत्र मुख्यतः हेच आहे.

निदान

रुग्णाची स्थिती थोडीही स्थिर असल्यास प्रथम सी. टी. अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य टोचून काही सेकंदांत उदराची अनेक छायाचित्रे घेतली जातात. त्यांत धमनीबाहेर पसरणारे द्रव्य, आभासी विस्फाराची पिशवी किंवा धमनीचा अनियमित काठ दिसतो. धमनीचा व्यास, तिची वळणे, शाखांचे उगम व प्रवेशिका नीला खुली आहे की नाही, ही उपचारासाठी आवश्यक माहितीही याच तपासणीतून मिळते.

रक्ताची उलटी झालेल्या रुग्णांत दुर्बिणीने जठर व आद्यांत्र तपासतात. जठरातील व्रण हेही रक्तस्रावाचे कारण असू शकते. तथापि धमनीचे छिद्र आतड्याच्या बाहेर असल्याने दुर्बिणीतून ते दिसत नाही. धमनीची झीज झाल्याचा दाट संशय असता या तपासणीत वेळ जाऊ न देता सी. टी. अँजिओग्राफी करणे श्रेयस्कर ठरते.

रक्तस्राव थांबून-थांबून होत असल्याने तपासणीच्या क्षणी गळती न दिसणे शक्य असते. लक्षणे स्पष्ट असतील तर चित्र निर्दोष दिसले म्हणून धोका टळला असे समजत नाहीत. थेट धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफी अशा वेळी निर्णायक ठरते. निदान झाल्यावर त्याच बैठकीत उपचारही करता येतो.

अन्य उपचार व त्यांच्या मर्यादा

पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया हा सर्वांत जुना मार्ग आहे. रुग्ण इतका अस्थिर असेल की त्याला क्ष-किरण कक्षात नेणे शक्य नाही, किंवा आवश्यक साधने उपलब्ध नसतील, तेव्हा आजही तोच अवलंबला जातो. मात्र नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या, दाहाने चिकटलेल्या व रक्ताने भरलेल्या उदरात धमनीपर्यंत पोहोचणे अवघड असते. पाचक रसाने भिजलेली भिंत ठिसूळ झाल्याने टाके फाडून निघतात. अशा पुनर्शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका मोठा असतो.

धमनी आतून बुजवण्याच्या पद्धतीला एम्बोलायझेशन म्हणतात. नळीतून प्लॅटिनमची किंवा अन्य धातूची सूक्ष्म वेटोळी सोडून छिद्राच्या पलीकडील व अलीकडील धमनी बंद करतात. दोन्ही बाजू बंद कराव्या लागतात, कारण केवळ अलीकडची बाजू बुजवली तर पर्यायी शाखांतून मागील बाजूने रक्त पुन्हा छिद्रापर्यंत पोहोचते. ही पद्धत जलद आहे व तिची साधने अधिक ठिकाणी मिळतात. यकृताच्या आतील लहान शाखेतून रक्तस्राव होत असेल तर तीच प्रथम पसंतीची ठरते, कारण तेवढ्या लहान भागाची उणीव प्रवेशिका नीला भरून काढते.

मुख्य यकृत धमनी बुजवण्याचा प्रश्न वेगळा आहे. प्रवेशिका नीलेत गुठळी असेल, ती दाबली गेली असेल, रुग्णाला यकृतकाठिण्य असेल किंवा दीर्घकाळ रक्तदाब खालावलेला असेल, तर धमनी बंद केल्यावर यकृताचा भाग मृत होणे, त्यात पू साठणे व यकृत निकामी होणे असे परिणाम संभवतात. व्हिपल शस्त्रक्रियेत जठर-आद्यांत्र धमनी आधीच कापलेली असल्याने तिच्या वाटेने येणारा पर्यायी पुरवठाही उरत नाही. रक्तस्राव थांबूनही नंतर यकृत निकामी झाल्याने रुग्ण दगावणे ही या पद्धतीची गंभीर मर्यादा आहे.

स्टेंट-ग्राफ्टची रचना

साध्या स्टेंटला उघडी जाळी असते. अरुंद धमनी रुंद ठेवण्याचे काम तो करतो, पण जाळीच्या फटींतून रक्त जात असल्याने छिद्र बंद करू शकत नाही. स्टेंट-ग्राफ्टमध्ये या जाळीवर बहुधा प्रसारित पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलिनचे पातळ पटल बसवलेले असते. न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपासाठी वापरला जाणारा बहुवारिक पदार्थ हाच. येथे तो ताणून सूक्ष्म छिद्रांचा व लवचीक केलेला असतो.

स्टेंट-ग्राफ्टचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार स्वयंप्रसरणशील असून त्याची जाळी निकेल व टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूची असते. आवरण काढताच तो आपोआप उमलतो. तो लवचीक असल्याने वळणदार धमनीत चांगला बसतो. दुसरा प्रकार फुग्यावर चढवलेला असतो आणि फुगा फुगवला की तो पसरून तेथेच कायम राहतो. त्याची जागा अचूक साधता येते, पण तो तुलनेने ताठ असतो. हृदयाच्या धमन्यांसाठी बनवलेले लहान व्यासाचे आच्छादित स्टेंटही यकृत धमनीसाठी वापरले गेले आहेत.

उपचाराची प्रक्रिया

पूर्वतयारी

रक्तस्राव थांबवण्याची व रुग्णाला सावरण्याची कामे एकाच वेळी चालतात. जाड सुया शिरेत घालून रक्त, रक्तद्रव व बिंबिका देतात. अनेक पिशव्या रक्त द्यावे लागत असल्यास रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण व शरीराचे तापमान यांवर लक्ष ठेवतात. दोन्ही घटल्यास रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. शस्त्रक्रियातज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व अंतर्धमनी उपचार करणारे क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र निर्णय घेतात. स्थानिक भूल पुरेशी असली तरी अस्थिर किंवा अस्वस्थ रुग्णाला संपूर्ण भूल देतात.

नळी घालणे

बहुतेक वेळा जांघेतील धमनीत सुई टोचून तिच्यातून तार आत सोडतात, सुई काढतात व तारेवरून नळी सरकवतात. सिलिअ‍ॅक धमनी महाधमनीपासून तीव्र कोनात खाली वळत असेल, तर खालून वर जाणारी नळी तिच्यात स्थिर राहत नाही. अशा वेळी डाव्या हाताच्या धमनीतून वरून खाली येण्याचा मार्ग सोयीचा असतो. स्टेंट-ग्राफ्टसाठी लागणारी नळी जाड असते. तिचे माप फ्रेंच या एककात देतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर.

सिलिअ‍ॅक व ऊर्ध्व आंत्रबंध या दोन्ही धमन्यांत द्रव्य सोडून चित्रे घेतात. छिद्राला दोन्ही बाजूंनी रक्त मिळत नाही ना, याची यातून खात्री होते. जठर-आद्यांत्र धमनी शाबूत असलेल्या रुग्णांत ऊर्ध्व आंत्रबंध धमनीचे रक्त तिच्यातून उलट दिशेने येऊ शकते. असे असल्यास ती शाखा आधी वेटोळ्यांनी बुजवावी लागते. अन्यथा स्टेंट-ग्राफ्ट बसवल्यावरही बाहेरच्या बाजूने रक्तस्राव चालूच राहतो.

स्टेंट-ग्राफ्ट बसवणे

प्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे छिद्राजवळून तार पलीकडच्या निरोगी धमनीत नेणे. तारेचे टोक विस्फाराच्या पिशवीत शिरल्यास ती फुटण्याची भीती असते. तार उजव्या किंवा डाव्या शाखेत खोलवर स्थिर झाली की तिच्यावरून स्टेंट-ग्राफ्ट नेता येतो. छिद्राच्या दोन्ही बाजूंना टेकण्यासाठी शक्यतो एक सेंटीमीटर निरोगी धमनी असावी लागते. स्वयंप्रसरणशील प्रकाराचा व्यास धमनीपेक्षा साधारणतः एक-दशांशाने अधिक निवडतात. फार लहान स्टेंट-ग्राफ्ट भिंतीला टेकत नाही आणि कडेने रक्त गळते. फार मोठा निवडल्यास त्याच्या पटलाला घड्या पडतात किंवा ठिसूळ भिंत फाटते.

व्याप्रसंगी एक फसवी अडचण उद्भवते. रक्त कमी झाले की धमन्या आकुंचन पावतात, त्यामुळे पडद्यावर दिसणारा व्यास खऱ्यापेक्षा लहान असतो. म्हणून मापनासाठी शक्य तेथे आधीची, रुग्ण स्थिर असतानाची सी. टी. चित्रेही पाहतात.

शेवटची तपासणी

स्टेंट-ग्राफ्ट उघडल्यावर पुन्हा द्रव्य सोडून चित्र घेतात. पिशवी भरत नसेल, यकृतातील शाखा भरत असतील व कडेने गळती नसेल, तर उपचार सफल झाला असे मानतात. गळती असल्यास फुग्याने स्टेंट-ग्राफ्ट अधिक दाबून बसवतात किंवा दुसरा जोडतात.

मर्यादा

सर्वच रुग्णांत हा उपचार शक्य नसतो. धमनी अतिशय वळणदार असणे, छिद्र नेमके शाखांच्या फाट्यावर असणे, टेकण्यास निरोगी भाग नसणे व धमनी फार बारीक असणे ही प्रमुख कारणे होत. छिद्र फाट्याजवळ असल्यास एका शाखेत स्टेंट-ग्राफ्ट बसवून दुसरी झाकावी लागते. त्या बाजूच्या यकृताला मग प्रवेशिका नीला व यकृतांतर्गत जोडवाहिन्या यांवर विसंबावे लागते. जिवंत दात्याकडून घेतलेल्या यकृताच्या भागाची धमनी पुष्कळदा २ ते ३ मिलिमीटरचीच असते. भारतात जिवंत दात्यांकडून होणाऱ्या यकृत-प्रत्यारोपणांचे प्रमाण मोठे असल्याने ही अडचण येथे विशेष जाणवते.

दुसरी मर्यादा व्यवस्थेची आहे. रक्तस्राव रात्री-अपरात्रीही होतो. त्या वेळी अँजिओग्राफी कक्ष, प्रशिक्षित तज्ज्ञ, पुरेसा रक्तसाठा व निरनिराळ्या व्यासांचे स्टेंट-ग्राफ्ट हे सर्व एकाच ठिकाणी हाताशी असावे लागते. योग्य मापाचा स्टेंट-ग्राफ्ट नसल्यास वाट पाहण्याइतका अवकाश नसतो. अशा वेळी एम्बोलायझेशन करून जीव वाचवणे हाच योग्य निर्णय असतो. तार पलीकडे जातच नसेल, तर फुगा फुगवून प्रवाह तात्पुरता अडवतात व रुग्णाला शस्त्रक्रियागृहात नेतात.

गुंतागुंती

• स्टेंट-ग्राफ्ट बंद होणे : आत गुठळी झाल्यास यकृत धमनीचा प्रवाह थांबतो. हे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, हळूहळू घडले तर तोवर पर्यायी वाहिन्या वाढलेल्या असतात आणि रुग्णाला त्रास होतोच असे नाही. पहिल्या काही दिवसांत अचानक घडल्यास परिणाम एम्बोलायझेशनसारखेच असतात.
• पुन्हा रक्तस्राव : पाचक रसाची गळती चालू राहिल्यास स्टेंट-ग्राफ्टच्या टोकाशी भिंत पुन्हा झिजते.
• जंतुसंसर्ग : दूषित जागी परका पदार्थ ठेवल्याने हा धोका राहतो. म्हणून प्रतिजैविके देतात व साठलेला पू किंवा पित्त नळीने बाहेर काढतात.
• धमनीची इजा : नळी वा तार घालताना धमनीचा आतील थर सुटू शकतो. जांघेत किंवा हातात रक्त साकळू शकते.
• मूत्रपिंडावरील ताण : आयोडीनयुक्त द्रव्य व खालावलेला रक्तदाब यांचा एकत्रित परिणाम मूत्रपिंडांवर होतो.

उपचारानंतरची काळजी

उपचारानंतर रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवतात. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, यकृताच्या कार्याच्या चाचण्या व निचरा नळीतील स्राव यांची वारंवार नोंद घेतात. यकृतातील प्रवाह डॉप्लर सोनोग्राफीने व पुढे सी. टी. तपासणीने पाहतात.

रक्त पातळ ठेवणारी औषधे हा येथील कठीण प्रश्न आहे. स्टेंट-ग्राफ्ट खुला राहावा यासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखी बिंबिकारोधक औषधे उपयोगी असतात. पण ज्या रुग्णाचा रक्तस्राव नुकताच थांबला आहे त्याला तीच औषधे घातक ठरू शकतात. याबाबत सर्वमान्य नियम नाही. रक्तस्राव थांबल्याची खात्री, पित्त वा पाचक रसाची गळती, पुढील शस्त्रक्रियेची शक्यता व स्टेंट-ग्राफ्टचा व्यास यांचा विचार करून प्रत्येक रुग्णाबाबत स्वतंत्र निर्णय घेतात.

छिद्र झाकले म्हणून ते पाडणारे कारण दूर होत नाही. पाचक रसाची गळती, पू किंवा पित्ताचा साठा यांवर उपचार झाला तरच स्टेंट-ग्राफ्टने मिळवून दिलेला वेळ सार्थकी लागतो.

इतिहास

इंग्लिश वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५४ साली यकृताच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात इजेनंतर पित्तमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन केले. या अवस्थेला हिमोबिलिया हे नाव स्वीडिश शल्यविशारद फिलिप सँडब्लोम यांनी १९४८ साली दिले. यकृत धमनीच्या विस्फारावर धमनी बांधण्याची यशस्वी शस्त्रक्रिया जर्मनीतील हान्स केर यांनी १९०३ साली केली.

विसाव्या शतकात यकृत व स्वादुपिंड यांवरील शस्त्रक्रिया जसजशा मोठ्या होत गेल्या, तसतसा या रक्तस्रावाचा प्रश्नही वाढला. अ‍ॅलन व्हिपल यांनी आपली शस्त्रक्रिया १९३५ साली प्रसिद्ध केली. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली मानवातील पहिले यकृत-प्रत्यारोपण केले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली संमत झाला व १९९८ साली दिल्लीत यकृत-प्रत्यारोपण यशस्वी झाले.

अंतर्धमनी उपचारांची वाट स्वतंत्रपणे विकसित झाली. स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली सुई, तार व नळी या क्रमाने धमनीत शिरण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली अरुंद झालेली पायाची धमनी नळीने रुंद केली. योसेफ रोश, डॉटर व सहकाऱ्यांनी १९७२ साली पचनमार्गातील रक्तस्रावावर धमनी बुजवण्याचा उपचार प्रसिद्ध केला, आणि १९७५ साली सीझर जियानतुर्को यांनी त्यासाठी धातूची वेटोळी आणली.

मढवलेल्या स्टेंटचा जन्म महाधमनीच्या आजारासाठी झाला. खार्कीव्ह येथील निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ साली छातीतील महाधमनीत, तर ब्युनोस आयर्स येथील हुआन पारोडी यांनी १९९० साली उदरातील महाधमनीत असे उपकरण बसवले. पुढे लहान व्यासाची व अधिक लवचीक उपकरणे तयार होऊ लागली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यकृत धमनीसारख्या बारीक वाहिन्यांतही त्यांचा उपयोग सुरू झाला.

सद्यःस्थिती

अशा रक्तस्रावाचे प्रसंग विरळ, अकस्मात व जीवघेणे असतात. त्यामुळे रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून दोन उपचारांची तुलना करणे व्यवहारात फार कठीण आहे. उपलब्ध ज्ञान मुख्यतः निरनिराळ्या रुग्णालयांनी मागाहून तपासलेल्या नोंदींवर आधारलेले आहे. या अनुभवावरून एक क्रम रूढ झाला आहे. यकृताच्या बाहेरील धमनीतून रक्तस्राव असेल व रचना अनुकूल असेल तर स्टेंट-ग्राफ्ट. ती प्रतिकूल असेल किंवा रक्तस्राव यकृताच्या आतील शाखेतून असेल तर एम्बोलायझेशन. आणि दोन्ही अशक्य असतील तर शस्त्रक्रिया. या तिन्ही मार्गांचे यश एका समान गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे पूर्वसूचक रक्तस्राव वेळीच ओळखणे. मोठा रक्तस्राव सुरू होण्यापूर्वी क्ष-किरण कक्षात पोहोचलेल्या रुग्णात धमनीचे माप घेण्यास, योग्य स्टेंट-ग्राफ्ट निवडण्यास आणि यकृताचा प्रवाह राखण्यास अवसर मिळतो.